सार्जंटची पाच पिंपं

३ ऑक्टोबर

सरकारी शेती मोडली तेव्हा कचेरीने फेकून दिलेली ही वही. पहिल्या चार पानांवर वासरांची नावं आहेत. ती तशीच ठेवली. पाचव्या पानापासून मी.

आज टपालकचेरीत बोलावणं आलं. याकुत्स्कहून एर्चिमचा फोन होता. माझा लेक इकडचं तिकडचं बोलत बसत नाही.

"आई, सार्जंटला गिऱ्हाईक मिळालंय. खाणीचा माणूस आहे. मार्चमध्ये येईल, नदी गोठलेली आहे तोवर ट्रक घेऊन जाईल."

सार्जंट म्हणजे आमचा ट्रक. वीस वर्षं लष्करात राबून सुटला आणि गाव्रीलने घरी आणला. गाव्रीलला जाऊन दोन हिवाळे झाले. दोन्ही हिवाळे सार्जंट गराजमध्ये उभा, आणि गाव पिण्याच्या पाण्यासाठी तळ्यावरचा बर्फ घोड्यांच्या घसरगाडीवरून आणतंय.

मी म्हटलं, "यंदा मी चालवणार आहे."

तो म्हणाला, "आई, तू बासष्टची आहेस."

"आणि ट्रॅक्टर चालवायला लागले तेव्हा बावीसची होते. तुझा जन्म व्हायचा होता."

शेवटी ठरलं ते असं. आमच्याकडे थंडी म्हणजे एक बैल, ती ओसरते तशी त्याची आधी एकेक शिंग आणि मग मुंडकं गळतं; ते मुंडकं गळून पडेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, मी सार्जंट चालवायचा. पण बाहेर रस्त्यावर तो एकदा जरी बंद पडला तरी गिऱ्हाइकाला द्यायचा. "बाहेर गाडी थांबली की माणूस मरतो, आई," तो म्हणाला. हे खरंच आहे, त्यामुळे मला भांडता आलं नाही. साक्षीला माझी नणंद आकुलिना होती. ती फोनमध्ये ओरडली, "मी ऐकलंय रे सगळं."

घरी येताना म्हणाली, "वहिनी, शब्द तर दिलास. पण ब्रेक कुठला नि क्लच कुठला, आठवतंय ना?"

७ ऑक्टोबर

आठवतंय. पण गाव्रील उंच होता, पाय पोचत नाहीत. पाठीमागे दोन उशा बांधल्या. त्याची टोपी आरशाला टांगलेली आहे ती काढली नाही.

सार्जंटबरोबर लष्कराचं पुस्तक आलं होतं, रशियन, चारशे पानांचं. शाळेत मी चारच हिवाळे गेले, मग युद्ध आलं आणि गाई आल्या. पुढचं वाचन मी भिंतीला डकवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर शिकले. त्यामुळे मला काहीही वाचायला आवडतं. हे पुस्तक तर फारच. "चालकाने इंजिनाचा आवाज रोज ऐकावा, म्हणजे बदललेला आवाज त्याला कळेल." असं लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर

स्पिरिदोन आला होता. गाव्रीलचा दोस्त, शेतीच्या कारखान्यातला मिस्त्री. बायको जाऊन आठ वर्षं झाली. डाव्या कानाने ऐकू येत नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, सार्जंट बाहेर काढताय असं कळलं. गराजची चूल रोज पेटायला हवी. एक दिवस विझली तर पाणी गोठून इंजिन तडकेल. लाकडं फोडायला माणूस लागेल."

मी म्हटलं, "लाकडं मी फोडते."

"मग ऐकायला माणूस लागेल. इंजिन ऐकावं लागतं."

"एका कानाने?"

"चांगला कान सार्जंटकडे करीन."

त्याला इंजिनांचं वेड आहे. चहा दिला तर कोटाच्या खिशातून स्वतःचा कान असलेला एनॅमलचा पेला काढला. पाहुण्याने घरातला पेला अडवून ठेवू नये म्हणतो. पिऊन झाल्यावर पुसून परत खिशात.

१४ ऑक्टोबर

डिझेल पाहिलं. गराजच्या आत भिंतीला लागून गाव्रीलने पाच पिंपं भरून ठेवलेली आहेत. त्यातल्या दारालगतच्या तीन पिंपांच्या बुचांना पांढऱ्या घोडीच्या शेपटीचा केस बांधलेला. घाटातल्या लार्च झाडाला रस्त्याच्या देवतेसाठी बांधतो तसा. गाव्रील वरवर देवाधर्माचा नव्हता, पण शेवटच्या शरदात त्याने हे केलं. त्याच्या वर्षश्राद्धाला मी उरलेल्या दोन पिंपांनाही केस बांधले होते, कोणाचा मान राहून जायला नको. तेही जसेच्या तसे आहेत.

स्पिरिदोनने विचारलं, "यात हिवाळी डिझेल कोणतं? उन्हाळी थंडीत थिजतं."

"सगळं एकाच माणसाने एकाच जागी ठेवलंय. उन्हाळी कधीच गवतकापणीत संपलं असेल."

"गाव्रीलने खूण केली नव्हती?"

"खुणा करणारा माणूस होता का तो? त्याचे मोजेसुद्धा मी जोडीला लावायचे."

हसला. आज दाढी केलेली होती. गावात कोणाचं लग्न आहे की काय, आकुलिनाला विचारायला हवं.

९ नोव्हेंबर

बर्फ! कुबालाख तळ्यावर गुडघ्याएवढा जाड झाला. सकाळी सार्जंटच्या पोटाखाली ब्लोलॅम्प लावून तेल पातळ केलं. रात्रभर आमच्या चुलीजवळ झोपलेल्या बॅटऱ्या स्पिरिदोनने बाळं उचलावीत तशा उचलून नेल्या. सार्जंट दोन वेळा खोकला, मग निळा धूर, मग लागला. गराजचे पत्रे थरथरले. हा आवाज दोन वर्षांनी ऐकला. मी थोडा वेळ काही पाहायचं निमित्त करून बॉनेटमागे गेले. स्पिरिदोनही कुठलातरी बोल्ट घट्ट करत पाठमोरा उभा राहिला. तो बोल्ट मी कालच घट्ट केला होता.

दोन वर्षं उभे राहिल्याने टायर एका बाजूने चपटे झालेले. पहिला मैलभर धपाधप, धपाधप. आकुलिना म्हणाली, "माझ्या कवळ्या पडतील."

सगळं गाव तळ्यावर. करवतीने लादी कापायची, चिमट्याने ओढायची, ट्रकमध्ये चढवायची. उन्हात लादी निळी दिसते. अकरा घरांचा बर्फ एका दिवसात झाला. घोड्यांनी पंधरा दिवस लागले असते. प्रत्येक घराच्या भिंतीला लाद्यांची उतरंड लागली, आणि प्रत्येक घरात सार्जंटला आणि मला खायला बोलावलं. सार्जंट आला नाही. मी गोठलेल्या माशाचे काप खाल्ले, घोटलेली साय खाल्ली, परत माशाचे काप खाल्ले. म्हातारा कुलसुयानोव म्हणाला, "हिवाळाभर तुझंच पाणी पिणार आम्ही, वारवारा." मला रात्री जेवण गेलं नाही, आणि ते नुसतं पोट भरल्यामुळे नव्हे.

१० नोव्हेंबर

अंग दुखतंय. आनंद आहे.

२८ नोव्हेंबर

उणे एकेचाळीस. जुन्या लोकरी नमद्याची आणि घोड्याच्या कातड्याची गोधडी शिवून सार्जंटच्या बॉनेटवर घातली. रेडिएटरपुढे पुठ्ठा. खिडक्यांना आतून दुसरी काच. पुस्तकात गोधडीचा उल्लेख नाही. लष्कराला बायका नसाव्यात.

ब्रेकच्या हवेच्या टाकीत पाणी साचतं आणि गोठतं, म्हणून रोज टाकी सोडायची आणि नळीत थोडं अल्कोहोल ओतायचं. आकुलिना म्हणाली, "आमचा भाऊ कधी प्यायला नाही, पण त्याचा ट्रक बघा."

स्पिरिदोन रोज सकाळी येतो, चूल पेटवतो, चांगला कान बॉनेटला लावतो. इंजिन बंद असतं तेव्हाही. मी विचारलं, "बंद इंजिनात काय ऐकता?" म्हणाला, "बंद आहे का, ते."

आज एक गोष्ट कळली. त्याच्याकडे स्वतःचं गराज आहे, आमच्यापेक्षा मोठं, पक्क्या चुलीचं, रिकामं. तिथे हिवाळाभर चूल पेटलेली नाही. माणसाने आपलं घर असं गार ठेवू नये.

१९ डिसेंबर

उणे पन्नास. श्वास सोडला की कानाजवळ तांदूळ सांडल्यासारखा आवाज होतो. पक्कड खाली पडली, तिचा एक जबडा काचेसारखा तुटला. गाव्रीलची पक्कड होती. दोन्ही तुकडे कोनाड्यात ठेवले.

पहिली तीन पिंपं संपत आली. जानेवारीत चौथं उघडू.

१४ जानेवारी

हे लिहायला बसले आहे पण हात अजून नीट वळत नाहीत. क्रमाने लिहिते.

आकुलिनाच्या गाईंचं गवत संपलं. तिची गंजी पलीकडच्या कुरणात, दीड तासाच्या वाटेवर. सकाळी उणे चोपन्न. थांबलो असतो, पण गाई थांबत नाहीत. चौथं पिंप उघडून टाकी भरली. मी चालवायला. आकुलिना म्हणाली, "मी खिडकीशी बसते, मला बाहेर बघायचंय." खिडकीवर बोटभर बर्फ होता आणि आकुलिनाचे खिडकीतल्या वाऱ्याने कायम कान दुखतात. पण बसली. स्पिरिदोन मध्ये, गुडघे आवळून.

जाताना सगळं ठीक. गराजमध्ये भरलेलं डिझेल अजून उबेत होतं. गवत भरलं. परतताना अर्ध्या वाटेवर सार्जंटचा आवाज बदलला. मी पुस्तक वाचलेलं आहे, मला कळलं. धाप लागल्यासारखा. स्पिरिदोनलाही कळलं, चांगला कान इंजिनाकडे वळवून बसला होता.

"पाय काढू नका, वहिनी. दाबून ठेवा."

मी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवून. तो उतरला, फिल्टर उघडला आणि परत येऊन नुसता हात दाखवला. हातमोज्यावर पांढरा गोळा होता, थिजलेल्या सायीसारखा. डिझेल घट्ट झालेलं.

आणि सार्जंट बंद पडला.

अशी शांतता मी कधी ऐकली नाही. स्पिरिदोन म्हणाला, "मोजा. मोठ्याने मोजा. सहाशे झाले की मी रेडिएटरचं पाणी सोडून देणार. नाहीतर इंजिन फुटेल." पाणी सोडलं म्हणजे सार्जंट गेला आणि आम्ही गवताच्या शेकोटीशी कोणी येईपर्यंत बसणार. मी मोजायला लागले. त्याने ब्लोलॅम्प पेटवला, पाइप आणि फिल्टर शेकले, डिझेल पातळ व्हावं म्हणून ब्लोलॅम्पसाठी आणलेलं सगळं रॉकेल टाकीत ओतलं. आकुलिनाने गवत उपसून टाकीखाली लोखंडी पाटीत जाळ केला. पण आणखी गवत घालायच्या आधी कोटाखालून धिरडं काढलं आणि अर्धं जाळात टाकलं.

स्पिरिदोन ओरडला, "आकुलिना, आत्ता?"

ती म्हणाली, "मग कधी? पोट भरल्यावर आग काम करते. तुझ्यासारखीच."

दोनशे. तीनशे. मी टोपीकडे बघत मोजत होते. तीनशे नव्वदला स्पिरिदोनने हातपंपाने रॉकेल वर ओढलं. चारशे बाराला म्हणाला, "लावा." पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा सार्जंट असा ओरडला की आकुलिना पाटीत बसायची राहिली.

घरी आलो, गवतासकट. गराजचं दार लावल्यावर स्पिरिदोन म्हणाला, "बरं झालं बंद पडला नाही."

मी म्हटलं, "मी चारशे बारा मोजले."

"दम खात होता. आकुलिना, तुला आवाज येत होता की नाही?"

"स्पष्ट. जाळाच्या आवाजातसुद्धा," आकुलिना म्हणाली.

मग तो मला म्हणाला, "हात चुलीवर धर, वारवारा, बोटं पांढरी झालीत." वहिनी म्हणायचं राहून गेलं. थंडीने जीभ आखडली असेल.

१५ जानेवारी

स्पिरिदोनने चौथ्या आणि पाचव्या पिंपातलं डिझेल बाटल्यांत भरून अर्धा तास बाहेर ठेवलं. दोन्ही गोठलं. उन्हाळी. मग पहिल्या पिंपाच्या तळातलं ठेवलं. पाण्यासारखं राहिलं.

मी पिंपांकडे गेले आणि केस बघितले. नुसते नाही, गाठी बघितल्या. तिसऱ्यापर्यंतच्या गाठी जाळ्याच्या आहेत, दोन फेऱ्यांच्या, गाव्रील मासे धरायचं जाळं विणताना मारायचा तशा. शेवटच्या दोन माझ्या, वेणीच्या.

त्याने देवतेला काही बांधलं नव्हतं. हिवाळी डिझेलला खूण केली होती. त्याच्यासाठी खूण लागत नव्हती, त्याला पाठ होतं. तो त्या शरदात आजारी होता आणि ही खूण दुसऱ्या कोणासाठी तरी होती. आणि मी भक्तिभावाने सगळ्याच पिंपांना केस बांधून ती पुसून टाकली.

आधी खूप रडले. मग आकुलिनाला सांगितलं तर ती इतकी हसली की भिंतीला टेकली. "दादा वर बसून डोकं धरून बसला असेल, वहिनी. आयुष्यात एकदा खूण केली, आणि बायकोने तिचं देऊळ केलं." मग मलाही हसू फुटलं. दोघी हसत बसलो. मोजे जोडीला लावायचे सोडून द्यायला हवे होते मी, म्हणजे तोही खुणा करतो हे आधीच कळलं असतं.

१८ जानेवारी

रविवार. एर्चिमचा फोन. "आई, सगळं ठीक? थांबला नाही ना कुठे?"

मी तोंड उघडलं तोच शेजारी उभ्या स्पिरिदोनने फोन घेतला. "घड्याळासारखा चालतोय, पोरा. कान लावून सांगतो."

मी काही बोलले नाही. खोटं मी बोलले नाही असं स्वतःला सांगते. पण गप्प राहणं हेही एक बोलणंच आहे. सार्जंट जायला नको म्हणून गप्प बसले, आणि तीन माणसांचे जीव टांगणीला लागले होते म्हणून बोलायला हवं होतं.

३१ जानेवारी

बैलाचं पहिलं शिंग गळालं म्हणतात. उणे शेहेचाळीस, उकडतंय. स्पिरिदोनने त्याच्या पिंपांतलं हिवाळी डिझेल आणलं. बदल्यात काही घेत नाही. म्हणतो, धिरडी द्या. आज नऊ खाल्ली.

२० फेब्रुवारी

दुसरं शिंगही गेलं. शाळेसाठी लाकडं आणली. पोरं ट्रकमागे धावत आली. सगळं छान आहे आणि मला झोप लागत नाही. चारशे बारा.

१२ मार्च

एर्चिम आला. दोन दिवस गोठलेल्या नदीवरून प्रवास करून. एकटाच, खाणीचा माणूस बरोबर नाही. मागून येत असेल असं मला वाटलं. जेवण व्हायच्या आधीच मी सांगून टाकलं, नाहीतर घास उतरला नसता.

"चौदा जानेवारीला थांबला. मी चारशे बारा मोजले. माझीच चूक होती. विकायचा तर वीक."

त्याने धिरड्यावर साय पसरली. "मला माहीत आहे."

"कसं?"

"स्पिरिदोनकाकांनी त्याच संध्याकाळी फोन केला होता. म्हणाले, गाडी थांबली, चूक माझी, डिझेल बाटलीत भरून बघायला हवं होतं मी. आईला कळू देऊ नकोस की मी सांगितलं. तिला वाटू दे की तिचं गुपित राहिलं."

मी आकुलिनाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

एर्चिम म्हणाला, "आणि म्हणाले, विकायचीच असेल तर मला दे. पण गाडी उभी आहे तिथेच राहील, तुमच्या गराजमध्ये." मग बराच वेळ हसत राहिला. "खाणवाल्याला मी जानेवारीतच नाही सांगितलं, आई. उणे चोपन्नात परत चालू करून घरी आणलात, गवत सांडलं नाहीत. अशी माणसं असतील तर गाडी थांबली काय आणि न थांबली काय."

"मग आलास कशाला?"

"धिरडी खायला. आणि काकांना बघायला."

काकांना त्याने तीस वर्षं बघितलेलं आहे. स्पिरिदोनचं एक मला कळत नाही. त्याचं गराज आमच्यापेक्षा मोठं आहे, मग सार्जंट माझ्याकडे कशाला उभा करायचा? विचारलं तर लाल झाला. हिवाळ्याने चेहरा भाजला असेल.

२६ एप्रिल

छपरावरून पाणी टपकतंय. बर्फचिमण्या आल्या. आज गराजची चूल विझवली. स्पिरिदोनने राख काढली आणि मला म्हणाला, "पाणी तू सोड." मी रेडिएटरचा नळ उघडला. हिवाळाभर गरम ठेवलेलं ते पाणी, तांबडं, खळखळत बर्फात गेलं. सार्जंट झोपला. पुस्तक बंद करून सीटखाली ठेवलं. चारशे पानं दोनदा वाचून झाली.

मग तिघं घाटात गेलो, पायी. गाव्रीलचे ते तीन केस मी पिंपांवरून सोडवून आणले होते. गाठी न सोडता, वरून सरकवून. लार्चच्या फांदीला बांधले. आता ते खरोखर देवतेचे. आकुलिना म्हणाली, "दादा, आता तरी खूण नाही हं ही." वारा होता, केस चमकत होते. मला वाईट वाटलं आणि चांगलंही वाटलं, दोन्ही एकदम, आणि दोघांना एकमेकांची अडचण झाली नाही.

२७ एप्रिल

चूल विझलेली आहे, लाकडं फोडायची नाहीत, ऐकायला काही नाही. तरी सकाळी स्पिरिदोन आला.

मी विचारलं, "आज काय?"

"बंद आहे का, ते ऐकायला आलो."

"गराज तिकडे आहे."

"माहीत आहे, वारवारा."

चहा प्यायला. पाच धिरडी खाल्ली. नव्या डिझेलच्या पिंपांना यंदा रंगाने खुणा करायच्या ठरलं, पांढरा हिवाळी, हिरवा उन्हाळी, आणि कोणाचा मान राहून गेला तरी चालेल. मग उठून गेला.

टेबल पुसताना पाहिलं, त्याचा एनॅमलचा पेला तिथेच राहिलाय. सात महिन्यांत तो कधी विसरला नव्हता. आधी वाटलं, हाक मारावी. तो अजून कुंपणापाशीच होता, कारण नसताना हळू चालत. मग पेला धुतला, पुसला, आणि भिंतीवर अडकवून टाकला. गाव्रीलच्या पेल्याच्या पलीकडे एक खिळा रिकामाच होता.